टोपी बदलून बार सुटत नाही

ज्वारी हुरड्यात आली की दर वर्षी आमच्याकडे एकच तक्रार येते. यंदा तिच्यासोबत एक नवा प्रश्नही आला. तालुक्याच्या बैठकीत भाव, वीज, पीकविमा सगळे बोलून झाले होते, सतरंज्या गुंडाळायची वेळ आली होती, तेवढ्यात मागे बसलेला एक तरणा शेतकरी उभा राहिला. म्हणाला, "साहेब, तुम्ही कृषी पदवीधर आहात, तर एक सांगा. बाबांच्या नावावर पीक संरक्षणाची ठासणीची बंदूक आहे. परवा रात्री डुकरांचा कळप धुऱ्यावर आला. बाबांनी तीनदा घोडा ओढला. तिन्ही वेळा नुसती टोपी फुटली, बार काही सुटला नाही. डुकरं निवांत चरत राहिली. आता एक जण म्हणतो, या टोपीचा नाद सोड, बाराबोरच्या काडतुसाच्या बुडाला प्रायमर असते ती बसवून घे, लोहार करून देतो. करू का?"

कृषी महाविद्यालयात आम्ही कापसाची बोंडअळी शिकलो, ज्वारीची खोडमाशी शिकलो. बंदूक अभ्यासक्रमात नव्हती. सभेत हशा पिकला. पण खाली बसता बसता तो पोरगा हळूच बोलला, "नाहीतर तारेत करंट सोडायचा, दुसरं काय," आणि हशा जागच्या जागी थांबला.

कारण तारेतला करंट म्हणजे काय हे त्या मांडवात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. रात्री डुकरासाठी तारेत वीज सोडायची, आणि पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजाऱ्याचा मुलगा त्याच तारेला चिकटायचा. कधी स्वतःचा बैल, कधी स्वतः मालक. वाघ-बिबट्या अडकला तर वनखात्याची केस, माणूस गेला तर सदोष मनुष्यवधाची. काही ठिकाणी खाण्याच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवतात. डुक्कर येण्याआधी गाय तो तोंडात धरते आणि तिचा जबडा जातो. मे २०२० मध्ये केरळात अशाच स्फोटकाने गाभण हत्तीण मेली तेव्हा सारा देश हळहळला. ज्याचे पीक रात्रीतून लोळवले जाते त्याच्यासाठी हळहळायला मात्र कोणी नसते, पण ते असो. मुद्दा इतकाच की कायद्याने हातात दिलेले साधन ऐन वेळी फुसके निघाले की माणूस बेकायदा साधनाकडे वळतो, आणि मग एकतर मरतो, नाहीतर तुरुंगात जातो. म्हणून या टोपीच्या प्रश्नावर आम्ही अग्रलेख खर्ची घालत आहोत.

आधी ही ठासणीची बंदूक शेतकऱ्याच्याच गळ्यात का पडली ते पाहू. शस्त्र अधिनियम १९५९ च्या तेराव्या कलमात परवाना कोणाला द्यावा ते सांगितले आहे. संरक्षणासाठी किंवा शिकारीच्या छंदासाठी मागणाऱ्या नागरिकाला वीस इंचांपेक्षा कमी लांबीची नळी नसलेली गुळगुळीत नळीची बंदूक, आणि खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी मागणाऱ्याला ठासणीची बंदूक. हेतू उघड आहे. ठासणीच्या बंदुकीने एक बार काढला की पुन्हा दारू ओता, बोळा घाला, छर्रे सोडा, गजाने ठासा, टोपी चढवा. तोवर मिनिट जाते. असले हत्यार गावात असले तरी सरकारची झोप उडत नाही. १९५९ साली बुडाकडून काडतूस घालायच्या बंदुका जगात शंभर वर्षांच्या जुन्या झाल्या होत्या. छंदाला नवी बंदूक आणि पिकाला पणजोबांची, अशी ही वाटणी झाली. मात्र त्याच कलमाला एक परंतुक जोडलेले आहे. ते बहुतेक शेतकऱ्यांना कोणी सांगितलेले नसते. त्याकडे शेवटी येऊ.

ठासणीच्या बंदुकीत दारू नळीच्या तळाशी असते आणि ती बाहेरून पेटवायची असते. सगळी गोम या पेटवण्यात आहे. आपल्याकडे पूर्वी जळता तोडा असे. नळीच्या बुडाला कान, कानापाशी रंजक, रंजकीला तोडा लावला की आग कानातून आत जाई. पाऊस आला की तोडा विझे, वारा आला की रंजक उडे. मग चकमकीची बंदूक आली. घोड्याच्या तोंडात गारगोटी धरलेली, ती पोलादावर आपटून ठिणगी पाडायची. तिच्यातही रंजक उघडीच. रंजक भसकन पेटायची आणि आतला बार सुटायचाच नाही, असे वरचेवर होई.

या रंजकीतून सुटका केली ती एका पाद्र्याने. स्कॉटलंडमधल्या बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्सिथ. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीचा जाळ दिसला की छर्रे पोचायच्या आत पक्षी उडून जात, म्हणून तो चिडला. ठोका बसताच भडकणारे स्फोटक रसायन वापरून आतला बार पेटवायची युक्ती त्याने काढली आणि १८०७ साली पेटंट घेतले. त्यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी निघाली. आत चिमूटभर रसायन, ती टोपी पोकळ निपलवर चढवायची, घोडा पडला की ठोक्याने आग थेट निपलच्या भोकातून आत. उघडी रंजक गेली, ठिणगीही गेली.

फरक किती पडला? १८३४ साली इंग्रज लष्कराने वुलिच येथे दोन्ही तऱ्हांच्या बंदुकांनी सहा-सहा हजार बार काढून पाहिले. चकमकीच्या ९२२ वेळा फुकट गेल्या, टोपीच्या ३६ वेळा. म्हणजे चकमक शंभरात पंधरा वेळा फसली आणि टोपी दीडशेहून जास्त बारांमागे एकदा. प्रमाणित ज्वारीच्या बियाण्याला उगवण ७५ टक्के लागते. त्या हिशेबाने चकमक बियाणे म्हणून पास झाली असती, पण समोर डुक्कर उभे असताना शंभरात पंधरा वेळा हात चोळत बसणे वेगळे.

पावसात काय होते त्याचा दाखला १८४१ सालचा आहे, आणि त्यात आपलेच लोक होते. इंग्रजांनी चीनवर अफूची लढाई लादली तेव्हा कॅन्टनजवळ सान-युआन-ली भागात सदतिसाव्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात सापडली. त्यांच्याकडे चकमकीच्या बंदुका. रंजक भिजली, एक बार सुटेना. भाले आणि शेतीची अवजारे घेतलेल्या गावकऱ्यांनी त्यांना घेरले. शिपायांनी संगिनींवर वेळ मारून नेली. अखेर टोपीच्या बंदुका असलेले आरमारी शिपाई शोधत आले तेव्हा सुटका झाली. बंदूक फुसकी निघाली की शेतकऱ्याचे भाले भारी पडतात, हेही त्यात आलेच.

आता त्या तरण्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे. आज ठासणीच्या बंदुकीसाठी जगात मुख्यतः तीन तऱ्हेची ठिणगी वापरतात. एक, साधी छोटी टोपी, दुकानदार जिला केप म्हणतात. तिच्यात नंबर येतात. दहा आणि अकरा हे नेहमीचे, दहापेक्षा अकरा किंचित मोठी. दुसरी, जुन्या लष्करी बंदुकांची मोठी टोपी. तिला खाली पाकळ्यांसारखी कड असते म्हणून थंडीने बधिर झालेल्या बोटांनाही धरता येते, आणि तिची आगही जास्त. तिला मोठे निपल लागते. तिसरी, बाराबोरच्या काडतुसाच्या बुडातली प्रायमर. तिला २०९ नंबर म्हणतात. जाडी सुमारे सहा मिलिमीटर, आग छोट्या टोपीच्या कितीतरी पट.

मोबाइलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या बंदुका पाहून आपली मुले भुलतात ती या २०९ ला. तिथे ठासणीची बंदूक हा हौसेचा मामला आहे. हरणांच्या शिकारीला ठासणीच्या बंदुकांचा वेगळा हंगाम असतो. १९८५ साली मिसूरी राज्यातल्या टोनी नाइट याने टोपी नळीच्या थेट मागे, सरळ रेषेत बसवणारी बंदूक काढली आणि तिचा बाजार झाला. पुढे त्याच बांधणीत टोपीच्या जागी २०९ आली. तिला कारण होते. तिकडे बरेच जण काळ्या दारूऐवजी तिच्या बदली निघालेल्या दारूच्या दाबून केलेल्या गोळ्या वापरतात, आणि त्या काळ्या दारूइतक्या सहज पेट घेत नाहीत. कठीण पेटणाऱ्या सरपणाला जास्त रॉकेल लागते, तसा प्रकार. आणि गंमत पाहा, तिकडेही सगळीकडे हे चालत नाही. आयडाहो राज्यात ठासणीच्या हंगामात २०९ ला बंदी आहे, टोपी किंवा चकमकच हवी. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून निव्वळ चकमकीच्या बंदुकांचा हंगाम भरतो. ज्याचे पोट त्या बारावर अवलंबून नाही त्याने गारगोटी घासत बसावे, आमची हरकत नाही.

आपल्या बंदुकीत असते सुटी काळी दारू. ती ठिणगीला लगेच पेटते, हाच तिचा गुण आणि हाच धोका. ती पेटवायला छोटी टोपी पुरेपूर आहे. वुलिचच्या सहा हजारांतल्या फक्त छत्तीस फसलेल्या बारांमागे हीच काळी दारू होती. मग २०९ बसवून मिळणार काय? मिळणार धोका. त्या प्रायमरला मागून भक्कम टेका लागतो. कारखान्यात त्यासाठी घडवलेल्या बंदुकीत तो असतो. गावच्या लोहाराने जुन्या नळीला भोक मोठे करून बसवलेल्या जुगाडात तो नसतो, आणि मग ठोका बसल्यावर प्रायमर पुढे पेटण्याबरोबर मागेही उसळते. मागे तुमचा डोळा असतो. शिवाय नळीचे लोखंड कुठले, किती जुने, आतून किती खाल्लेले, कोणाला ठाऊक? तिच्या बुडाशी, जिथे सगळ्यात जास्त दाब येतो तिथेच, आपण भोक वाढवणार.

कायद्याचेही ऐका. बंदुकीत फेरफार करणे आणि ती दुरुस्त करणे यालाही शस्त्र अधिनियमाखाली परवाना लागतो. लोहाराकडे तो नसतो. टोपी काय, प्रायमर काय, दोन्ही कायद्याच्या भाषेत दारूगोळाच. कोणत्या हत्याराचा कोणता दारूगोळा किती बाळगायचा हे परवान्यावर लिहिलेले असते. पीक वाचवायला निघालेला माणूस खिशात चार प्रायमर सापडल्या म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो आहे, हे चित्र आम्हाला नको. आणि ज्याला प्रायमर बदलायची बुद्धी होते त्याला पुढे काडतुसातली बिनधुराची दारूही ओतून पाहावीशी वाटते. ती ठासणीच्या नळीत गेली की नळी फुटते. त्यात 'कदाचित' नाही.

तेव्हा टोपी बदलायची नाही. मग बार का सुटला नाही?

पऱ्हाटी सुकली की आपण लगेच पंप पाठीला लावत नाही. झाड उपटून मूळ पाहतो. मूळ कुजले असेल तर एक रोग, पाणी साचले असेल तर दुसरा, आणि दोन्हींत पाने सारखीच माना टाकतात. बंदुकीचेही तसेच. टोपी फुटलीच नाही हा एक रोग. टोपी फुटली आणि बार सुटला नाही हा दुसरा. टोपी फुटली आणि बार क्षणभराने, कधी दोन क्षणांनी सुटला हा तिसरा, आणि तो सगळ्यात घातकी.

टोपी फुटत नाही त्याचे कारण बहुधा मापात असते. अकरा नंबर म्हणजे सगळ्या कारखान्यांची अकरा सारखी नसते. बियाण्याच्या दोन कंपन्यांचे एकच नाव असले तरी बोंड वेगळे यावे तसे. निपलही झिजलेले, घोड्याच्या ठोक्यांनी माथा चेपून पसरलेले असते. त्यावर टोपी पूर्ण खाली बसत नाही. घोडा पडतो, त्याची सारी ताकद टोपी खाली ढकलण्यात जाते. दुसऱ्यांदा घोडा ओढला की तीच टोपी फुटते. पहिल्या ठोक्याला नाही आणि दुसऱ्याला फुटते, असे तुमच्या बंदुकीचे वरचेवर होत असेल तर दोष टोपीच्या रसायनात शोधू नका, मापात शोधा. उलट टोपी सैल असेल तर नळी खाली झुकवताच ती गळून पडते, आणि अंधारात माळ्यावरच्या माणसाला ते कळतही नाही. काही जण सैल टोपी बोटांनी चिमटून लंबगोल करतात. ती तात्पुरती युक्ती झाली. नवे निपल ही काही मोठ्या खर्चाची वस्तू नाही. ते परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून बसवून घ्यावे, आणि त्या निपलवर बोटाच्या दाबाने शेवटपर्यंत जाऊन घट्ट बसेल त्या नंबरची आणि त्याच कारखान्याची टोपी पुढे घेत जावी. हाच निवडीचा नियम. याहून मोठे शास्त्र त्यात नाही.

त्या पोराच्या बाबांचा रोग दुसरा. टोपी तिन्ही वेळा फुटली, म्हणजे माप ठीक, घोड्याची कमान ठीक, टोपीही ठीक. आग निघाली पण दारूपर्यंत पोचली नाही. निपलचे भोक सुईएवढे असते. त्यापुढे आग आडवी वळून नळीत जाते, आणि या वळणावर काजळी बसते. त्यात आपली सवय अशी की बंदूक ठेवताना तेल चोपडायचे. ते तेल उतरून नेमके त्या वळणावर साचते. तेलात भिजलेल्या दारूला आग कशी लागणार? टोपीपेक्षा दसपट आग घातली तरी बुजलेल्या नालीतून ती किती जाणार?

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. आमच्या आजोबांकडे अशीच बंदूक होती आणि दर हंगामाआधी निपलमध्ये सुई घालून काजळी काढणे हे नातवंडांचे काम होते. पाणी उकळायला ठेवायचे, ते नळीतून ओतायचे, काळे पाणी निपलच्या भोकातून पिचकारीसारखे बाहेर यायचे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत आजोबा ओतत राहायचे. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि एका रात्रीत नळी आतून गंजवते. जुन्या तऱ्हेच्या टोप्यांतले क्षारही तेच करतात. ती राख तेलाने निघत नाही, गरम पाण्यानेच निघते. एका वर्षी आजोबांना हे पाणी घालायचे राहिले. त्या हंगामात झिजलेल्या निपलवर टोपी फुटून तांब्याची कपची त्यांच्या भुवईत घुसली. डोळा वाचला. घोड्याच्या तोंडाला खोलगट वाटी असते ती हीच कपची अडवायला. तिची कड तुटली असेल तर त्या बंदुकीला हात लावू नये, एवढे त्या भुवईच्या वणाने आम्हाला शिकवले.

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण पाहतो, तशी हंगामाआधी बंदूकही तपासावी. आधी ती रिकामी आहे याची खात्री. गज नळीत सोडा, तो बुडापर्यंत जातो का पाहा. थोडा जरी वर राहिला तर आत जुना बार आहे असे धरा आणि जाणकाराकडे न्या. रिकामी असेल तर नळीचे तोंड जमिनीवर ठेवलेल्या वाळक्या पानाकडे करून, दारू न घालता, निपलवर नुसती टोपी फोडा. पान हलले की वाट मोकळी. नाही हलले तर सुई आणि गरम पाणी. रानात नेतानाही दारू भरण्यापूर्वी अशा एक-दोन टोप्या फोडाव्यात म्हणजे राहिलेले तेल जळून जाते. दोन टोप्या फुकट गेल्या असे वाटते खरे, पण त्या पोराच्या बाबांच्या तीन टोप्या गेल्या आणि सोबत ज्वारीही गेली.

दवाचे काय? आपली जागल हिवाळ्यातली. माळ्यावर पहाटेपर्यंत दव पडते. भरलेल्या बंदुकीच्या निपलमधून ओल आत शिरते. निपलवर चामड्याचा तुकडा ठेवून घोडा अलगद टेकवला तर ती बरीच अडते. टोपी मात्र निपलवर चढवायची ती बार काढायच्या क्षणी. टोपी चढवलेली बंदूक घेऊन माळा चढू-उतरू नये, बैलगाडीत टाकू नये, घरात तर आणूच नये. टोप्या कोरड्या डबीत, दारूपासून वेगळ्या, पोरांच्या हाताबाहेर. काडेपेटीच्या गुलाची घरगुती टोपी करण्याचे उद्योग काही गावांत चालतात. ते बेकायदा आहे आणि त्यात बोटे गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

आणि तो तिसरा, उशिरा सुटणारा बार. घोडा पडला, टोपी फुटली, काही झाले नाही, म्हणून माणूस बंदूक वळवून निपलकडे पाहतो, आणि आत धुमसत असलेली दारू तेव्हाच पेटते. बार सुटला नाही तर नळी होती तिकडेच, मोकळ्या दिशेला धरून मनात दोनशेपर्यंत आकडे मोजा. डुक्कर पळाले तर पळू द्या.

एक अडचण मात्र आपल्या हातात नाही. निवडणुका आल्या की अनेक ठिकाणी परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतात. विधानसभेचे मतदान २०१४ आणि २०१९ साली ऑक्टोबरात झाले, २०२४ साली नोव्हेंबरात. म्हणजे ज्वारीची कणसे आणि फुटलेला कापूस रानात असताना बंदूक ठाण्याच्या कोपऱ्यात. डुकरांना आचारसंहिता लागू नसते. बंदूक परत मिळते तेव्हा निपलमध्ये गंज आणि नळीत कोळ्याचे जाळे. तिच्यात लगेच दारू ओतून रानात धावू नये, आधी पानाची परीक्षा घ्यावी. आणि बंदूक जमा करतानाच पीक उभे असल्याचे लेखी देऊन, तिची खरोखर गरज आहे असा अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आता ते परंतुक. ठासणीची बंदूक पिकाच्या संरक्षणाला पुरेशी नाही असे परिस्थिती पाहून परवाना अधिकाऱ्याचे समाधान झाले, तर तो पीक संरक्षणासाठीच दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. १९५९ पासून हे कायद्यात लिहिलेले आहे. २०९ प्रायमरची खरी जागा हीच: कारखान्यात बनलेल्या काडतुसाच्या बुडात, दवापासून आणि दारूच्या राखेपासून बंद. ज्याला खरोखर जास्त भरवशाची ठिणगी हवी आहे त्याने जुनी नळी कोरण्याऐवजी या परंतुकाखाली अर्ज करावा. अर्ज कोरा करू नये. किती एकर पीक, जंगल किंवा नाला किती अंतरावर, कोणत्या तारखांना कोणते जनावर आले, पंचनामे किती झाले, ठासणीची बंदूक किती वेळा फसली, हे सगळे तारीखवार लिहावे. अधिकाऱ्याचे समाधान व्हावे असे कायदा म्हणतो. तर त्याला समाधान न व्हायला जागाच ठेवू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. जुनी बंदूक जपून ठेवायची तर तिचे नूतनीकरण चुकवू नये.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनीही पुन्हा वाचावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. तिच्याप्रमाणे रानडुक्कर आणि रोही दुसऱ्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका झाला तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेशाने मारण्याची परवानगी देऊ शकतो. तो कागद हातात आल्याशिवाय छर्रे भरू नयेत. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने निम्मी पऱ्हाटी खाल्ली तरी पिकाच्या कारणासाठी त्याला मारायची परवानगी कोणीही देऊ शकत नाही. तिथे नुकसानभरपाईचा अर्ज हाच मार्ग. तो मार्ग किती खडतर आहे हे आम्हाला कोणी सांगायला नको. रोह्याने एका रात्रीत खाल्लेल्या पिकाचा पंचनामा व्हायला आठवडे जातात, तोवर उरलेलेही खाऊन झालेले असते.

त्या तरण्या शेतकऱ्याला आम्ही घरी गाठले. बंदूक रिकामी आहे याची त्याच्या बाबांनी आमच्यासमोर खात्री केली. निपल काढले, उजेडाकडे धरले. पलीकडचे काही दिसेना. सुईने टोकरल्यावर काळा, तेलकट गोळा निघाला, हरभऱ्याच्या डाळीएवढा. गरम पाण्याचे चार तांबे गेले. अंगणात कडुनिंबाचे वाळके पान ठेवले, टोपी फोडली, पान उडून गोठ्याच्या भिंतीला लागले. बाबा म्हणाले, "म्हणजे टोपी चांगलीच होती."

पुढच्या जिल्हा बैठकीला ज्यांच्याकडे पीक संरक्षणाचा परवाना आहे त्यांनी परवान्याची प्रत, आणि ज्यांचे अर्ज पडून आहेत किंवा नाकारले गेले आहेत त्यांनी अर्जाची आणि पोचपावतीची प्रत सोबत आणावी. परंतुकाखालच्या अर्जाचा मसुदा आम्ही तयार ठेवला आहे. प्रत्येकाने आपल्या रानाची माहिती त्यात भरायची आहे. बंदूक सभेला आणू नये. तारेत करंट सोडत असाल तर तो आज रात्रीच काढा, बैठकीची वाट पाहू नका.